फोन काढून घेऊ नका, प्लीज!

तुमच्या घरात, नात्यात, नाहीतर गेला बाजार सोसायटीत तरी तेरा ते एकोणीसमधलं एक पात्र असणारच. दिवसभर मान खाली, अंगठे चालू. पिझ्झा म्हटलं की डोळे वर, अभ्यास म्हटलं की परत खाली. आपल्याला हे सगळं तोंडपाठ आहे, कारण दहा-बारा वर्षांपूर्वी ते पात्र आपणच होतो!

एक दिवस हे पात्र अचानक गप्प होतं. क्लासला जायच्या वेळी बरोब्बर पोट दुखायला लागतं. आवडीचा टॉप कपाटात तळाशी जातो. प्रोफाइलवरचा फोटो गायब होतो आणि तिथं काळा चौकोन येतो. रात्री दोन वाजता खोलीत उजेड, सकाळी डोळे सुजलेले. घरचे विचारतात, काय झालं? उत्तर येतं, "काही नाही." मग घरचे आपापल्या परीनं निदान करतात. आई म्हणते परीक्षेचं टेन्शन, बाबा म्हणतात प्रेमप्रकरण, आजी म्हणते दृष्ट लागली. आणि शेवटी तिघांचं एका गोष्टीवर एकमत होतं. हे सगळं त्या मोबाइलमुळे. काढून घ्या तो फोन!

तर मंडळी, आजचा विषय हाच. सायबरबुलिंग. या शब्दाला मराठीत अजून धड प्रतिशब्दही नाही. 'चिडवणं' म्हटलं तर फारच गोड वाटतं, 'छळ' म्हटलं तर सासू-सून आठवते. पण शब्द सापडत नाही म्हणून प्रकार थांबलाय असं थोडंच आहे?

एका किलोमीटरचं जग

मी मूळची सांगलीची, त्यातही विश्रामबागची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, सांगलीहून मिरजेला निघालात की रस्त्यावरच लागतं ते विश्रामबाग. १९१९ साली सुरू झालेलं विलिंग्डन कॉलेज इथलं, १९४७ सालचं वालचंद इंजिनिअरिंग इथलं. गणपतीचं देऊळ, रेल्वे स्टेशन, शंभर फुटी रस्ता आणि त्यांच्या अधल्यामधल्या गल्ल्यांत अकरावी-बारावीचे क्लासेस, अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसवाल्या खोल्या. तासगाव, जत, कवठेमहांकाळकडची मुलं-मुली पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन इथं शिकायला येतात.

सगळं कसं हाताशी. कॉलेज, क्लास, भेळेची गाडी, सगळं एका किलोमीटरात. आणि गोम तिथंच आहे! फिजिक्सच्या क्लासला मागच्या बाकावर बसणारा मुलगा तुमच्याच अपार्टमेंटमध्ये राहतो. त्याची मावशी तुमच्या आईबरोबर भिशीला असते. मुंबईत निदान लोकलचा डबा तरी बदलता येतो. इथं कुठं जाणार? मोठ्या शहरातल्या मुलीला इंटरनेटवर त्रास देणारा अनोळखी असू शकतो. आमच्याकडे तो रोज "हाय" करणारा असतो.

ओळखीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. अकरावी सायन्स, हुशार, जरा बुजरी. वर्गाच्या सहलीत कुणीतरी तिचा जांभई देतानाचा फोटो काढला आणि त्याचं व्हॉट्सअॅप स्टिकर केलं. एवढंच. शिवी नाही, धमकी नाही, अश्लील तर काहीच नाही. फक्त ग्रुपवर कुणी काही बोअर लिहिलं की हे स्टिकर पडायचं. मग ते दुसऱ्या ग्रुपवर गेलं. मग क्लासच्या ग्रुपवर. दोन महिन्यांनी तिला ओळखतही नसलेली मुलं तिला रस्त्यात बघून जांभई द्यायला लागली. तिनं बोलणं बंद केलं, मग हसणं, मग क्लासला जाणं. वाढदिवसाच्या केकचा फोटोसुद्धा काढू देईना.

हे तिनं घरी सांगायला किती दिवस लावले? चार महिने. का, असं मी विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच बावळट आहे.

"ताई, मम्मी फोन काढून घेईल की गं!"

आणि शेवटी सांगितलं तेव्हा अगदी तेच झालं. फोन कपाटात, कपाटाला कुलूप. क्लासवाल्यांनी "हा क्लासच्या बाहेरचा मामला आहे" म्हणून हात झटकले. ज्यांनी स्टिकर बनवलं त्यांचे फोन मात्र अजून त्यांच्या खिशात होते. शिक्षा कुणाला झाली? सांगा बरं!

संध्याकाळी सातला संपायचं ते

"आमच्या वेळी नव्हतं का चिडवणं? आम्ही नाही मेलो!" हा घरोघरीचा डायलॉग. बरोबर आहे, होतं की. बाकावर करकटकनं नाव कोरायचे, फळ्यावर बाण मारून बदाम काढायचे, लँडलाइनवर ब्लँक कॉल यायचे. आमच्या दहावीपर्यंत फेसबुक आलेलं, पण घरात कॉम्प्युटर एकच आणि तोही हॉलमध्ये, बाबांच्या नजरेसमोर. म्हणजे सायकल घरात लावली की त्या दिवसाचा त्रास संपला. घर ही सुट्टी होती.

आता ती सुट्टी बंद झालीय. त्रास खिशात बसून घरी येतो, उशीखाली झोपतो. पूर्वी चार पोरं हसायची, आता चारशे जण बघतात आणि त्यातल्या किती जणांनी पुढं पाठवलं ते कधीच कळत नाही. फळा पुसता यायचा. स्क्रीनशॉट कसा पुसणार?

नॉर्वेत राहून काम केलेले डॅन ओल्वेयस हे मानसशास्त्रज्ञ या विषयाचे भीष्माचार्य. १९७०च्या दशकापासून त्यांनी शाळांमधल्या दादागिरीचा अभ्यास केला. दादागिरी कशाला म्हणायचं, याच्या त्यांच्या तीन खुणा आजही जगभर वापरतात. मुद्दाम केलेलं असणं, पुन्हा पुन्हा केलेलं असणं आणि समोरच्याला उलटून काही करता येणार नाही इतकी ताकदीत तफावत असणं. आता स्टिकर आठवा. बनवलं एकदाच, पण पडलं शंभरदा. ताकदीतली तफावत म्हणजे दंडातले बेडूकच असावे लागत नाहीत. एका बाजूला अख्खा ग्रुप आणि दुसऱ्या बाजूला एकटी मुलगी, झाली तफावत! ओल्वेयस यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ऑनलाइन ज्यांना त्रास होतो, ती बहुतेक मुलं वर्गातही तोच त्रास सोसत असतात. म्हणजे फोन कपाटात टाकून अर्धाच दरवाजा बंद होतो. दुसरा वर्गात उघडतो.

युनिसेफनं २०१९ मध्ये ३० देशांतल्या १३ ते २४ वयाच्या पावणेदोन लाखांच्या आसपास मुलांना मोबाइलवरूनच प्रश्न विचारले होते. तिघांपैकी एकानं सांगितलं, हो, मला ऑनलाइन त्रास झालाय. पाचांपैकी एकानं त्यापायी शाळा बुडवली होती. तुमच्या शाळेतल्या पाच जणांचा ग्रुप आठवा आणि त्यातला एक जण खोडून टाका. इतकं जवळ आहे हे.

'चांगल्या घरची' मुलं

हे सगळं उनाड पोरांचं काम, असं कुणाला वाटत असेल तर डिसेंबर २०१९ मधलं मुंबईचं प्रकरण आठवा. एका महागड्या इंटरनॅशनल शाळेनं आठ मुलांना निलंबित केलं होतं. वयं, १३ ते १४. या पोरांनी व्हॉट्सअॅपवर वर्गातल्या मुलींबद्दल पानंच्या पानं इतकं घाण लिहिलं होतं की बातम्या छापणाऱ्यांनाही शब्द गाळावे लागले. त्यात बलात्काराच्या गोष्टीही गमतीत चालल्या होत्या. चॅट मुलींच्या घरापर्यंत पोचलं, आया शाळेत धडकल्या, तेव्हा हालचाल झाली. काही मुली तर शाळेत जायलाच तयार नव्हत्या.

पाचच महिन्यांनी, मे २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये दिल्लीत 'बॉईज लॉकर रूम' हा इन्स्टाग्रामवरचा ग्रुप उघडकीला आला. पुन्हा तेच. शाळकरी मुलं, मुलींचे फोटो, त्यावर शेरे. मुलींनी हिमतीनं स्क्रीनशॉट बाहेर काढले आणि देश हादरला. पण त्या गदारोळात आणखी एक चॅट फिरत होतं, बलात्काराचा बेत आखणारं. पोलिसांनी तपास केला तेव्हा निघालं भलतंच. ते चॅट त्या ग्रुपमधलं नव्हतंच. एका मुलीनं मुलाच्या नावानं खोटं अकाउंट काढून एका मुलाची परीक्षा घेण्यासाठी ते लिहिलं होतं. लाखो मोठ्या माणसांनी ते शहानिशा न करता पुढं ढकललं होतं. फॉरवर्डचं बटण दाबताना आपण मोठे नक्की कितीसे मोठे असतो?

आणि एक जुनी केस. २००१, दिल्ली. तेव्हा आपल्याकडे ऑर्कुटही नव्हतं. एका नामांकित शाळेतल्या सोळा वर्षांच्या मुलानं वेबसाइट काढून वर्गातल्या मुली आणि शिक्षिकांबद्दल अश्लील मजकूर टाकला. पकडला गेला. मग कळलं की चेहऱ्यावरच्या व्रणांवरून वर्गातली मुलं-मुली त्याला सतत चिडवायची. त्यामुळे त्यानं केलेलं माफ होत नाही, अजिबात नाही. पण 'मला झालं म्हणून मी केलं' ही साखळी इंटरनेटपेक्षा जुनी आहे. ती तोडायची तर कुणीतरी त्या मुलाचं आधी ऐकायला हवं होतं.

कायदा आहे, पण...

तुम्ही म्हणाल, पोलिसात जा ना सरळ. जायलाच हवं, पण कधी, ते समजून घेऊया.

आपल्याकडे 'सायबरबुलिंग' नावाचा वेगळा गुन्हाच नाही. त्रासदायक मेसेज पाठवण्याबद्दल आयटी कायद्यात ६६-अ हे कलम २००९ पासून लागू झालं होतं. २०१२ साली बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतर पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या साध्या पोस्ट आणि लाइकपायी अटक झाली, तेव्हा हे कलम कुणावरही कसं वापरता येतं ते दिसलं. २४ मार्च २०१५ रोजी सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं आणि ते योग्यच झालं.

मग उरतं काय? बरंच काही. दुसऱ्याच्या नावाचा, पासवर्डचा गैरवापर केला तर आयटी कायद्याचं ६६-क. खासगी अवयवांचे फोटो परवानगीशिवाय काढले किंवा पसरवले तर ६६-ई. अल्पवयीनांची लैंगिक चित्रं पाठवली तर ६७-ब. मुलीचा ऑनलाइन पाठलाग केला तर जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. अठराच्या आतल्या मुलाला किंवा मुलीला, हो, मुलालासुद्धा, खऱ्या किंवा बनवलेल्या फोटोची धमकी दिली तर २०१२चा पॉक्सो. आता एआयनं कुणाचाही चेहरा कुठंही चिकटवता येतो, त्यामुळे हे 'बनवलेल्या' फार महत्त्वाचं.

पण जांभईच्या स्टिकरचं काय? काळा, जाडी, चष्मिस, तोतरा म्हणून रोज घेतलेल्या फिरक्यांचं काय? ग्रुपमधून एकालाच काढून त्याच्याशिवाय दुसरा ग्रुप काढण्याचं काय? त्याला कलम नाही. आणि रोजचा त्रास बहुतेक असाच असतो.

शिवाय समोरचाही बहुधा सोळा-सतरा वर्षांचाच. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं आणि तिथं हेतू सुधारण्याचा असतो. अशा मुलाची ओळख छापायला किंवा पसरवायला २०१५च्या बाल न्याय कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे चिडून "हाच तो!" म्हणत त्याचा फोटो स्टोरीवर टाकाल, तर स्वतःच अडकाल.

राहता राहिली विश्रामबागची अडचण. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय आमच्याकडेच, मेन रोडवर. पण त्या रस्त्यानंच तर सगळा क्लास ये-जा करतो! आत जाताना कुणी बघितलं तर? संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर. म्हणूनच ज्या मुलीला काही झालंय ती तिथं एकटी जाणार नाही. तिला सोबत लागते. कुणाची? येतेच त्यावर.

भोंगा सातचा

सांगली जिल्ह्यातलंच एक गाव आहे, मोहित्यांचे वडगाव, कडेगाव तालुक्यातलं. २०२२ मध्ये या गावानं ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, वाचायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. बातमी जगभर पोचली.

मला त्यातलं काय आवडलं सांगू? भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. सरपंचांसाठी, आईसाठी, बाबांसाठी, पोरांसाठी. त्यामुळे ती शिक्षा वाटत नाही, शिस्त वाटते. याउलट घरातल्या एकाच माणसाचा फोन, तोही त्यानं विश्वासानं काही सांगितल्यानंतर काढून घेणं, ही सरळ सरळ शिक्षा. आणि त्यातून मूल शिकतं एकच. पुढच्या वेळी सांगायचं नाही.

ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्या मुलांच्या सोशल मीडिया अकाउंटवर देशभर बंदी घातली. उद्या आपल्याकडेही मागणी होईल. होऊ दे, चर्चा व्हायलाच हवी. पण फोनवरच नोट्स येतात, फोनवरच क्लासचं टाइमटेबल, फोनवरच मैत्रिणी. २०२०च्या लॉकडाउनमध्ये हा फोन आपणच त्यांच्या हातात दिला होता, "शाळा यात आहे" म्हणून. आता तो हिसकावून शाळा, मैत्रिणी आणि मदत मागायची जागा, तिन्ही काढून घेणार का?

इथं तुम्ही येता

आई-बाबांना स्टिकर म्हणजे काय ते समजावण्यात अर्धा तास जातो. मित्रांना सांगावं तर ते त्याच ग्रुपमध्ये. शिक्षकांना सांगितलं तर सगळ्या वर्गासमोर भाषण. मग उरतं कोण?

तुम्ही. होय, ऑफिसात बसून हे पान चाळणारे तुम्ही! तुम्ही ताई आहात, दादा आहात, मावशीचे मोठे चिरंजीव आहात. तुम्हाला इन्स्टाही कळतं आणि इन्कम टॅक्सही. तुम्ही फोन काढून घेऊ शकत नाही, कारण तो तुम्ही दिलेलाच नाही. म्हणूनच तुम्हाला सांगणं सेफ आहे. फक्त कुणी सांगितलं तर काय करायचं, ते आधी माहीत हवं. कात्रण करून ठेवा.

१. पूर्ण ऐका. "तू कशाला फोटो टाकलास?" हे वाक्य गिळून टाका. "बरं झालं सांगितलंस" हे म्हणा.

२. "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही, पण जिवाला धोका वाटला तर सांगेन" असं म्हणा आणि तसंच वागा.

३. काहीही डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. अकाउंटचं नाव, तारीख, वेळ, लिंक सगळं दिसायला हवं. ब्लॉक त्यानंतर.

४. अपवाद एकच, पण फार मोठा. अठराच्या आतल्या कुणाचा नग्न फोटो असेल तर तो स्वतःच्या फोनवर अजिबात मागवू नका, पुरावा म्हणूनसुद्धा नाही. असं साहित्य जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, हे सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. ज्या फोनवर आलंय तो फोनच पोलिसांना दाखवा.

५. असा फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा अठराच्या आतल्यांसाठीच आहे. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढतात. शिवाय कंपनीकडे थेट तक्रारही करा. २०२१च्या आयटी नियमांनी असे फोटो उतरवायला तासांत मोजायची मुदत घातली, दिवसांत नाही.

६. "ब्लॉक केलं तर अजून चिडतील" अशी भीती असेल तर इन्स्टावर 'रिस्ट्रिक्ट' करा. समोरच्याला पत्ता लागत नाही आणि त्याची कॉमेंट त्याच्याशिवाय कुणाला दिसत नाही.

७. शाळा किंवा क्लासकडे तक्रार लेखी द्या. तोंडी बोललेलं हवेत विरतं, कागदाला उत्तर द्यावं लागतं.

८. गुन्हा असेल तर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. मुलं आणि महिलांबाबतच्या गुन्ह्यांत नाव न देताही करता येते. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर. पोलीस स्टेशनला जायचं झालं तर तुम्ही सोबत जा. रजा टाका. त्यासाठीच असते ती.

९. झोप, जेवण उडालं असेल, "मी नसतेच तर बरं" असं काही बोलणं आलं, तर ते नाटक समजू नका. एकटं सोडू नका, घरच्यांना लगेच सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.

त्या अकरावीतल्या मुलीचं पुढं काय झालं? तिच्या आतेभावानं, पुण्यात आयटीत आहे तो, एक शनिवार काढला. आधी मामीची समजूत घालून फोन कपाटातून बाहेर काढला. मग दोघांनी मिळून स्टिकर बनवणाऱ्या मुलाला चार ओळींचा मेसेज लिहिला. शिव्या नाहीत, धमकी नाही. "हे माझं तोंड आहे. मला याचा त्रास होतोय. बंद कर." त्यानं स्टिकर काढलं आणि ग्रुपवरही बंद करायला सांगितलं. सगळ्यांकडून ते गेलं नसणार, कुठल्यातरी फोनात असेलच. पण ती क्लासला जायला लागली. सगळ्या केसेस इतक्या सोप्या सुटत नाहीत, हे मान्य. पण ही अडली होती ती फक्त कुणाला सांगायचं यावर.

तेव्हा या रविवारी फॅमिली ग्रुपवर गुलाबाचं फूल पाठवण्याआधी तुमच्या त्या मान खाली घातलेल्या पात्राला वेगळा मेसेज टाका. फार मोठं काही नको. "काय चाललंय? काही लफडं झालं तर मला सांग. फोन मागणार नाही." बस्स. उत्तर "काही नाही" असंच येईल. येऊ द्या. पुढच्या रविवारी परत टाका.